काळ्या रंगावर महिन्याभराने लांबीचा नकाशा उठतो, त्याचं काय करायचं

गाडी नेताना गिऱ्हाईक खूश असतं. दारात स्वतःचा चेहरा बघतं, मिशीवरून हात फिरवतं, पोरांना पेढे देऊन जातं. मग महिना-सव्वा महिना जातो आणि फोन येतो, "भाऊ, बॉनेटवर काहीतरी गोल गोल दिसायलंय." गाडी दारात आली की माणूस उतरायच्या आधीच मला कळतं. जिथे लांबी, म्हणजे पत्र्याचा खड्डा भरायची पुट्टी, भरली होती तिथे तिची कड वर उमटलेली असते, शाळेच्या भूगोलात तळ्याचा नकाशा असायचा तशी. आतल्या बाजूला घासल्याच्या बारीक रेघा. गाडी दिली त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो.

जालन्यात माझं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं काम आहे. पांढऱ्याची काळी करून मागणारे हल्ली दर महिन्याला दोन-तीन येतात. ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली की एकदा काळा रंगच बंद करावा असं वाटलं होतं. आता ती जवळजवळ संपली आहे. काय चुकत होतं ते लिहून ठेवतो. कोणी पुट्टी म्हणतं. आमच्याकडे उस्तादांपासून लांबीच म्हणत आले.

मला धडा शिकवला तो घनसावंगीकडच्या एका मोसंबीवाल्या काकांच्या बोलेरोने. डाव्या दाराला ट्रॉलीचा आकडा लागलेला, बॉनेटवर जुना ठोका. रंग सुरेख आला. महिन्याने गाडी परत. मला वाटलं क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, गडबड आहे, मशीनने पॉलिश मारून दिली. नकाशा गेला आणि दोन धुण्यांत परत आला. मग बॉनेट आणि दार घासून पुन्हा रंगवलं, पदरचं थिनर-क्लिअर घालून. पाच आठवड्यांनी पुन्हा तेच. काका भला माणूस. "असू दे रे, गाडी शेतातच जाती," म्हणाले. मला मात्र झोप येईना. कारण तोच हात, तीच लांबी, तोच घासायचा पेपर वापरून मी वर्षानुवर्षं पांढऱ्या गाड्या रंगवल्या होत्या आणि एकही परत आली नव्हती.

जुन्या वहीत तारखा बघितल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पौषात रंगवलेली काळी गाडी होळीपर्यंत नीट राहायची. चैत्रात रंगवलेली तीन आठवड्यांत बोलायला लागायची. म्हणजे दोष दिवसांवर नव्हता, उन्हावर होता.

आमचे उस्ताद म्हणायचे, "काला रंग चुगली करता, बेटा." मी समजत होतो की काळ्यावर खाच-खळगा जास्त दिसतो एवढाच त्याचा अर्थ. ते खरंच आहे. चकचकीत काळा म्हणजे आरसा, आणि आरसा थोडा वाकला तरी त्यातली ट्यूबलाइट वाकडी होते. पण काळा रंग नुसता दाखवत नाही, तो दोष घडवतोही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो. त्या उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा ७० अंशांच्या वर जातो, तळहात टेकवत नाही. शेजारची पांढरी गाडी त्याच उन्हात वीसेक अंशांनी तरी थंड असते. रंगाच्या भट्टीत प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, पक्का करायला पत्रा ६० अंशांवर अर्धा तास ठेवतात. म्हणजे काळी गाडी तुमच्याकडून गेली की ती रोज दुपारी स्वतःच्या भट्टीत जाते. खालचं जे जे कच्चं राहिलं असेल ते तिथे शिजतं आणि शिजताना आकसतं.

आकसतं ते सगळीकडे सारखं आकसलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. आपल्या काळ्या रानाचं बघा. पाणी गेलं की माती आकसते, आणि जिथे थर खोल तिथे भेग मोठी. प्रायमरचं तसंच. लांबी घासल्याच्या खोबणीत प्रायमर जाड बसतो, खोबणीच्या कडेवर पातळ. वरून ब्लॉकने, म्हणजे पेपर लावलेल्या सपाट ठोकळ्याने, घासून आपण तो सपाट करतो, पण आतून थिनर निघत राहतं आणि जाड भाग पातळ भागापेक्षा जास्त खाली बसतो. झाली रेघ तयार. लांबीच्या कडेलाही हेच होतं. एका बाजूला जुना रंग, दुसऱ्या बाजूला लांबी, दोघांची थिनर प्यायची आणि सोडायची चाल वेगळी.

तेव्हा उपाय एका वाक्यात असा: जे ऊन नंतर दोष काढणार आहे, ते आधीच, प्रायमरवर, खाऊ द्यायचं. शेवटची घासाई त्यानंतर. बाकी तयारी या एका गोष्टीच्या भोवती आहे.

पण आधी खात्री करा की तुमचा दोष हाच आहे. गाडी सावलीत घ्या, एक लांब ट्यूबलाइट पत्र्याला आडवी धरा आणि तिचं प्रतिबिंब हळूहळू सरकवा. ट्यूब एका ठराविक रेषेवर तुटत असेल तर ती लांबीची किंवा जुन्या रंगाची कड. ट्यूब सापासारखी वळत असेल तर पत्राच लाटालाटांचा आहे, तो हाताच्या बोटांनी घासल्याचा परिणाम. ऊन बिचारं निर्दोष. टाचणीच्या डोक्याएवढे, मध्ये खळगा असलेले गोल दिसले तर तेल किंवा सिलिकॉन. फोडासारखे वर आलेले बारीक दाणे, तेही पावसाळ्यानंतर आले असतील, तर पाण्याचा खार. अगदी बारीक टोचल्यासारखी छिद्रं असतील तर रंग तापलेल्या पत्र्यावर मारलाय किंवा रंगाच्या दोन हातांमध्ये, म्हणजे थरांमध्ये, थांबलात नाही, आणि आतलं थिनर वरची साय फोडून निघालंय. या प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे. आमच्या लाइनीत मात्र सगळ्यांवर एकच औषध चालतं, "क्लिअरचा अजून एक हात मार." त्याने दोष जाड होतो, जात नाही.

आता जुना रंग. सेकंडहँड गाडी असेल तर आधी कोणी काय फासलंय देव जाणे. पांढरी चिंधी थिनरमध्ये बुडवून दाराच्या खालच्या कोपऱ्यात मिनिटभर दाबून ठेवा आणि घासा. कंपनीचा भट्टीतला रंग किंवा हार्डनर, म्हणजे थर पक्का करणारं रसायन, घातलेला रंग दाद देत नाही. चिंधीवर रंग उतरला, पृष्ठभाग चिकट झाला, तर तो हार्डनर न घातलेला जुना रंग आहे आणि त्याच्यावर नवं काही उभं करू नका. वरचं थिनर त्याला फुगवणार, मग तो महिनाभर बसत राहणार. तेवढा पत्रा मोकळा करा. गिऱ्हाइकाला जास्तीचे पैसे सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्यांदा फुकट रंगवताना जास्त वाटते.

ज्यांच्याकडे जाडी मोजायचं छोटं यंत्र आहे त्यांना सोपं. कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो. एखाद्या जागी काटा ५०० च्या पुढे गेला तर खाली लांबी आहे असं समजा. बोलेरोच्या बॉनेटवर माझ्याही आधीची एक जुनी लांबी होती. मी तिच्यावर माझी भरली होती. घरावर घर.

कड काढणं, म्हणजे जुन्या रंगाची धार उतरती करणं, हे काम सगळे घाईत उरकतात. पत्रा, प्रायमर, जुना रंग, क्लिअर असे प्रत्येक थराचे पट्टे निदान बोटभर रुंद दिसले पाहिजेत, झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे. डोळे मिटून तळहात फिरवा, बोटं नव्हे. तळहाताला पायरी लागली तर ती काळ्यात शंभर टक्के दिसणार. हातावर पातळ कापड ठेवून फिरवलं तर आणखी चांगलं कळतं, घामाचा हात अडकत नाही.

लांबीबद्दल आपल्या हवामानात सांगण्यासारखं बरंच आहे. हार्डनर वजनाने साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम लांबीला २ ग्रॅम. हिवाळ्यात ३ पर्यंत. मे महिन्यात लांबी ताटलीतच दगड होते, हे सगळ्यांनी अनुभवलंय. त्यावर दोन चुकीचे उपाय चालतात. एक, हार्डनर अगदी नखभर घालणं; मग लांबी वरून सुकल्यासारखी वाटते आणि आतून कधीच पक्की होत नाही. दुसरा, पातळ करायला थिनर ओतणं. हे करू नका. ते थिनर आत अडकतं आणि महिन्याभराने आकसायला कारणीभूत होतं. खरा उपाय कंटाळवाणा आहे. सकाळी आठच्या आत काम करा, एका वेळी कालवा तेवढंच जेवढं चार मिनिटांत फासलं जाईल, आणि डबा उन्हात ठेवू नका. उलट, थंडीत लवकर सुकावी म्हणून हार्डनर जास्त झाला तर त्यातलं पेरॉक्साइड वरच्या रंगापर्यंत चढतं आणि गडद रंगावर फिकट डाग पाडतं. हा डाग पॉलिशने जात नाही.

जाडी ३ मिलिमीटरच्या वर नको. त्याहून खोल खड्डा असेल तर डेंटरला परत बोलवा. डेंटर आणि पेंटर यांचं भांडण प्रत्येक गॅरेजमध्ये आहे आणि त्यात पेंटरने जिंकायला पाहिजे, कारण शिव्या शेवटी त्यालाच बसतात.

लांबी पाण्याने घासू नका. तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी पिते आणि धरून ठेवते. वर प्रायमर मारला की ते पाणी कोंडलं. पुढे ते पत्र्याकडे गेलं तर गंज, वर आलं तर फोड. उस्तादांच्या काळात सगळं पाण्यानेच घासायचे, बादली आणि वॉटर पेपर हीच पेंटरची खूण होती. मी ती सवय सोडायला दोन वर्षं घेतली.

आणि पाणी म्हटल्यावर आपलं पाणी. बोअरचं. किटलीच्या बुडाशी पांढरा थर धरणारं पाणी गाडीवर काय सोडतं याचा विचार करा. घासलेल्या प्रायमरवर ते सुकलं की खार मागे राहतो. डोळ्याला दिसत नाही, पण वर रंग बसला की पावसाळ्यात तो खार हवेतली ओल रंगातून आत खेचतो आणि बारीक फोड येतात. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात "गाडीला फिल्टरचं पाणी वापरा" म्हणणं म्हणजे शेखी मिरवल्यासारखं वाटतं, मला माहीत आहे. पण मी धुवायला सांगत नाही. घासाई कोरडी करा, आणि शेवटचं पुसणं तेवढं २० लिटरच्या जारमधल्या पाण्याने. अर्धी बादली पुरते.

आता मुख्य भाग, प्रायमर. हार्डनरवालाच घ्या, डब्यावर दिलेल्या प्रमाणात. गन १.६ ते १.८ च्या नोझलची. काळ्याखाली राखाडी प्रायमर, शक्यतो गडद राखाडी. एकतर काळा कमी हातांत झाकतो, दुसरं म्हणजे उद्या रस्त्यावरची खडी उडून टवका गेला तर खालून पांढरं दात काढत नाही. पहिला हात फक्त लांबीवर, दुसरा त्याच्या बाहेर चार बोटं, तिसरा पूर्ण पत्र्यावर. प्रत्येक हातामध्ये चमक मरेपर्यंत थांबा, दहा-पंधरा मिनिटं. तिन्ही हात एका दमात ओले मारले की वरचा थर साय धरतो आणि खालचं थिनर कैद होतं. हीच ती कैद जी पुढे सुटते.

त्या रात्री गाडी सावलीतच ठेवा. लगेच उन्हात काढलीत तर साय आणखी लवकर धरेल. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारा, लांबून, पावडरीसारखा. याचे दोन फायदे. घासताना खळगा कुठे राहिला ते काळं राहून सांगतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरा फायदा माझ्या उशिरा लक्षात आला: राखाडी प्रायमर काळा झाला की ऊन जास्त पितो. आता गाडी बाहेर काढा. पाच दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. दुपारी दिशा बदला म्हणजे दोन्ही बाजूंच्या दारांना ऊन मिळेल. रात्री आत घ्या, कारण उघडा प्रायमर दव पितो. पावसाचा थेंबही नको. आणि त्या पाच दिवसांत कोणाला ती गाडी "जरा मोंढ्यात जाऊन येतो" म्हणून देऊ नका.

सहाव्या दिवशी ट्यूब धरून बघा. जो नकाशा पुढच्या महिन्यात क्लिअरवर दिसला असता, तो प्रायमरवर उमटलेला असेल. बोलेरोच्या तिसऱ्या वेळी मला तो जसाच्या तसा दिसला, दारावर आकड्याच्या जागी. त्याला बघून मी हसलो होतो. आता तो ब्लॉकने घासून टाकायचा, गरज वाटली तर प्रायमरचा आणखी एक हात आणि आणखी दोन दिवस ऊन.

पेपरच्या नंबरांचा घोळ वेगळाच आहे. मागे इंग्रजी पी छापलेला पेपर आणि नुसता आकडा छापलेला पेपर एक नाहीत. नुसता ४०० म्हणजे जवळजवळ पी ८००, आणि नुसता ६०० म्हणजे साधारण पी १२००. दुकानदार दोन्ही एकाच गठ्ठ्यातून देतो. पोऱ्याला "चारशे आण" म्हणून धाडलं की काय येईल ते नशीब. मी इथे सगळे आकडे पी चे देतोय. लांबीला ८०, मग १२०, १८०, २४० आणि कडेला ३२०. पेंटर ८० वरून थेट ३२० वर उडी मारतात, वेळ वाचतो म्हणून. ८० नंबरचा दाणा साधारण २०० मायक्रॉनचा, म्हणजे कंपनीच्या सगळ्या थरांहून मोठा. ३२० चा दाणा ४६ मायक्रॉनचा. हा त्याची खोबण भरून कशी काढणार? वरची टोकं गुळगुळीत होतात, दरी तशीच. म्हणून मधली पायरी सोडायची नाही, आणि प्रत्येक पायरीला दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा संपल्या का ते दिसतं. प्रायमरला ब्लॉकवर ३२०, मग ४००, ६००. साधा काळा असेल तर ६०० वर थांबलं तरी चालतं. गडद मेटॅलिक असेल तर ८०० पर्यंत जाच, कारण त्यातली चकाकी घासल्याच्या रेघेत आडवी बसते आणि रेघ लांबूनही चमकते. ८०० च्या पुढे जाऊ नका, रंगाला धरायला काहीतरी राहू द्या.

ब्लॉक लांब घ्या. बॉनेट, टप, दारं यांना फूटभर तरी. हाताने फक्त वळणाच्या आणि हँडलच्या खाचा. चार बोटांनी दाबून घासलं की पत्र्यावर चार नाल्या पडतात. पांढऱ्यात त्या कधीच दिसत नाहीत, काळ्यात शेजारचा सुद्धा मोजून दाखवतो.

तेलाचं प्रकरण थोडक्यात, पण एक किस्सा सांगतो. एका गाडीच्या बॉनेटवर रंग मारताच मधोमध खळगे पडले, आणि खळग्यांचा आकार स्वस्तिकाचा! दरवर्षी दसऱ्याला तेलात कुंकू कालवून त्याच जागी काढलेला. जुन्या रंगाच्या भेगांतून तेल आत गेलं होतं आणि मी घासताना ते सगळीकडे पसरवलं होतं. तेव्हापासून नियम असा: आधी साबणाने धुवा, मग तेल काढायच्या थिनरने पुसा, आणि त्यानंतरच पहिला पेपर लावा. पुसताना दोन कापडं. एक ओलं, आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच कापडाने पुसलं तर तेल जागा बदलतं, जात नाही. टायर चमकवायचा आणि डॅशबोर्डचा स्प्रे गॅरेजच्या आवारातसुद्धा नको, त्यातलं सिलिकॉन हवेतून येऊन बसतं. खोबरेल लावून आलेल्या पोऱ्याला कपाळाला रुमाल बांधायला लावा.

धूळ आपल्या हातात फारशी नाही. कापसाच्या दिवसांत जिनिंगची रुई उडते, सोयाबीन काढणीत भुसा, एरवी काळी माती. मी पहाटे रंगवतो, फरशीवर पाणी मारून, आदल्या रात्री गाळे झाडून. कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी खालून उघडून पाणी सोडतो. बसलेला एखादा कण नंतर २००० च्या पेपरने आणि पॉलिशने निघतो, त्याला घाबरू नका. रंग मारताना पत्रा सावलीतला आणि हाताला गार हवा. ऊन प्रायमरसाठी, रंगासाठी नव्हे. ही गल्लत माझ्याच एका पोऱ्याने केली, तापलेल्या टपावर क्लिअर मारला आणि सगळ्या टपाला पुरळ.

प्रायमर-रंग-क्लिअरच्या हार्डनरबद्दल (लांबीचा वेगळा) एक ओरडून सांगायचंय. त्यात आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उठतो. तोंडाला रुमाल म्हणजे काहीच नाही. बाहेरून हवा देणारा मास्क घ्या, परवडत नसेल तर निदान रंगाच्या फवाऱ्यासाठीचा कार्ट्रिजवाला घ्या आणि कार्ट्रिज वेळेवर बदला. आमच्या उस्तादांना शेवटी जिना चढवत नव्हता.

पांढऱ्याची काळी करताना दाराच्या चौकटी, डिकीची आतली कड, बॉनेटची खालची बाजू हे सगळं आलं, नाहीतर दार उघडलं की आतून जुनी गाडी डोकावते. काचेचं बीडिंग आणि हँडल काढून रंगवा. टेप लावून रंगवलेल्या कडेचा थर पहिल्या वर्षात सुटतो. गिऱ्हाइकाला सांगा की रंग बदलला की आरटीओत नोंद करून आरसीवर नवा रंग चढवावा लागतो, विमा कंपनीलाही कळवावं लागतं. आणि कोणी फौजी हिरवा मागितला तर हात जोडा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो रंग फक्त लष्कराच्या गाड्यांना आहे.

ज्यांच्या गाडीवर नकाशा आधीच उठलाय त्यांनी काय करायचं? पहिलं म्हणजे घाई करायची नाही. मी बोलेरोवर हीच चूक केली, अर्धवट आकसलेल्या थरावर पुन्हा ओला रंग चढवला, आणि त्या थराला नवं थिनर पाजलं. गाडी दोन-तीन महिने रोज उन्हात लावा, पूर्ण उन्हाळा मिळाला तर उत्तम. नकाशा वाढायचा थांबला की बघा. नखाला काही लागत नसेल, फक्त ट्यूबमध्ये दिसत असेल, तर क्लिअर ब्लॉकवर ८०० ने सपाट करून नवा क्लिअर मारा. काळ्यापर्यंत घासलं गेलं तर तिथे आधी काळ्याचा हलका हात. नखाला पायरी लागत असेल तर प्रायमरपर्यंत उतरा आणि वरचं सगळं पुन्हा करा, उन्हासकट. आणि खाली थिनरला विरघळणारा जुना रंग निघाला तर पत्र्याशिवाय सुटका नाही. नुसत्या पॉलिशवर विश्वास ठेवू नका, त्यातलं मेण खोबणीत बसतं आणि दोन धुण्यांत निघून जातं.

राहिला पावसाळा. मृगापासून दसऱ्यापर्यंत पाच दिवस सलग ऊन मिळण्याची खात्री नसते. तापवायचे लाल दिवे असतील तर एकेक पत्रा घेऊन प्रायमर भाजता येतो, पण पूर्ण गाडीला त्यात आठवडा जातो आणि विजेचं बिल वेगळं. माझ्याकडे तसे दोनच दिवे आहेत. त्यामुळे श्रावणात कोणी काळी करायला आलं तर मी आगाऊ पैसे न घेता दसऱ्यानंतरची तारीख वहीत लिहितो. काही जण थांबतात. काही जण समोरच्या गॅरेजला जातात, आणि त्यातले दोघे मागच्या मार्चमध्ये माझ्याकडे आले.